दुसऱ्या देशाचं व्हिसाचं काम केलं, तर खर्च कुणी द्यायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: एका देशाची वकिलात दुसऱ्या देशाच्या वतीने व्हिसाचे अर्ज तपासत असेल, तर तिने त्या सरकारकडून पैसे घ्यावेत का? अर्जदार फी भरतोच, मग आणखी कशाला? व्हिसा विभागात बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय. घ्यावेत, पण खर्चापुरतेच, आणि जिथे खरोखर दुसऱ्याचं काम अंगावर घेतलंय तिथेच.

आपल्या देशात येणाऱ्याची तपासणी हे आपलं स्वतःचं काम. त्याचा खर्च त्याच्या सरकारकडे मागायचा काही संबंध नाही. राजनैतिक कामासाठी येणाऱ्यांकडून तर बहुतेक देश फीसुद्धा घेत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाबाबत अमेरिकेशी १९४७ साली झालेल्या करारात, तिथे कामासाठी येणाऱ्यांना व्हिसा विनाशुल्क आणि शक्य तितक्या लवकर द्यावा असं स्पष्ट लिहिलंय. ते तसंच राहायला हवं.

प्रतिनिधित्वाची, म्हणजे दुसऱ्या देशासाठी त्याचे व्हिसा अर्ज हाताळण्याची, गोष्ट वेगळी. वाणिज्यदूतांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तिसऱ्या देशाच्या वतीने काम करायला परवानगी दिली. वकिलात ज्या देशात आहे त्या यजमान देशाला कळवायचं आणि त्याची हरकत नसावी, एवढीच अट. शेंगेन देशांनी, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांनी, याचा भरपूर उपयोग केला. त्यांच्या व्हिसा संहितेचं आठवं कलम वाचा. ज्याचं प्रतिनिधित्व होतं त्या देशाने जागा, कर्मचारी आणि पैसे पुरवावेत असं दोघांच्या करारात ठरवता येतं, विशेषतः तिथे त्याची स्वतःची वकिलात नसेल तर. सक्ती मात्र नाही. सगळा वाद या मोकळ्या जागेतला आहे.

‘फी मिळते ना?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शेंगेन फी ९० युरो आहे. अर्ज सरळ असो वा अवघड, आकडा तोच. नेहमीच्या प्रवाशाची फाइल थोड्या वेळात हातावेगळी होते. पण निमंत्रणपत्राबद्दल शंका आली, बँकेच्या नोंदी जुळेनात, मुलाखतीला बोलवावं लागलं, की एकाच फाइलवर दिवस जातो. आणि खरा खर्च नकार दिल्यानंतर सुरू होतो. अपील चालतं ते ज्या देशाने अंतिम निर्णय दिला त्याच्या विरुद्ध आणि त्याच्याच कायद्यानुसार. पूर्वी नकार द्यायचा विचार असेल तर फाइल सहसा ज्याच्या वतीने काम चालतं त्या देशाकडे पाठवली जायची. फेब्रुवारी २०२० पासून बदललेल्या नियमांत प्रतिनिधी देशच निर्णय देतो, नकारही. म्हणजे प्रवासी जाणार एका देशात आणि त्याच्या नकाराची बाजू न्यायालयात मांडणार दुसरा देश, स्वतःच्या तिजोरीतून. हे कुणाला न्याय्य वाटेल?

‘आज आम्ही तुमचं करतो, उद्या तुम्ही आमचं करा’ हा समज टपालखात्यांचाही होता. १८७४ साली बर्नमध्ये टपाल संघ स्थापन झाला तेव्हा पाठवणाऱ्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवायचे आणि वाटप दुसऱ्याने फुकट करायचं असं ठरलं, कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतंच असं गृहीत धरलं होतं. काही देशांकडे येणारं टपाल जाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त झालं आणि शेवटी १९६९ च्या टोकियो अधिवेशनात वाटपाचा मोबदला सुरू करावा लागला. व्हिसाचंही तेच होतं. ज्यांच्या वकिलाती सारख्याच संख्येने पसरल्यात त्यांची फिटंफाट होते. मोजक्याच वकिलाती असलेला देश मोठ्या देशाची परतफेड कुठे करणार?

सरकारांनी एकमेकांना पैसे चुकते करणं यात अवघडही काही नाही. परदेशात अडकलेल्या नागरिकाला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाच्या वकिलातीने मदत केली, तर तो खर्च त्याच्या देशाकडे मागता येतो आणि त्याने तो बारा महिन्यांच्या आत द्यायचा, असा २०१५ चा निर्देश आहे. अडचणीतल्या माणसासाठी हिशेब चालतो, तर रोजच्या कामासाठी का नको?

मला भीती आहे ती वेगळ्याच गोष्टीची. दर फाइलमागे पैसे ठरले, तर वकिलातीचं लक्ष फाइलींच्या संख्येवर जाईल आणि तपासणी उथळ होईल. एका करारात असा दर ठरलेला मी जवळून पाहिला आहे. काही महिन्यांत मुलाखती जवळजवळ बंदच झाल्या होत्या. शिवाय बिल फार वाढलं तर छोटा देश करारच मोडेल, आणि त्याचे अर्जदार शेजारच्या देशात जाऊन रांगेत उभे राहतील. भुर्दंड सामान्य माणसालाच. म्हणून हिशेब वर्षातून एकदा, प्रत्यक्ष लागलेल्या तासांवर व्हावा. अपिलाचा खर्च वेगळा धरावा. आणि अर्जदाराच्या फीला कुणी हात लावू नये.

ज्याला पैसे जड जातात त्याने माणूस पाठवावा. मला तर हाच मार्ग जास्त आवडतो. त्या देशाचा एक अधिकारी शेजारच्या टेबलावर बसला, की तिथलं कुठलं विद्यापीठ खरं आणि कुठली कंपनी फक्त पत्त्यापुरती हे विचारायला पत्रव्यवहार करावा लागत नाही, आणि खऱ्या विद्यार्थ्याची फाइल आठवडाभर अडून राहत नाही.