जुन्या डिझेल फोर बाय फोरमध्ये हिरवं कूलंट टाकू की लाल?

तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंडहँड घेतलीय, वीसेक वर्षं जुनी, आधीच्या मालकाने काय भरलं होतं माहीत नाही, कूलंटच्या टाकीत हिरवट तपकिरी पाणी दिसतंय आणि कुणीतरी सांगितलं की लाल लाँग लाइफवालं वरून टाका, काम झालं. प्लीज तसं करू नका. मी नेमकं हेच केलं होतं. हिरवं कमी झालं म्हणून वरून लाल ओतलं, पहिले काही आठवडे काहीच जाणवलं नाही, मग हीटरमधून गार हवा यायला लागली आणि कॅप उघडून बघतो तर खाली तपकिरी चिकट गाळ. रेडिएटर काढून साफ करावा लागला, हीटरची बारीक नळीची जाळी तर बदलावीच लागली.

रंगावर जाऊच नका. रंग म्हणजे कंपनीने घातलेला डाय, त्याला कुठलाही पक्का नियम नाही, एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असतं आणि दुसरीचं हिरवं लाँग लाइफ. आत बहुतेक सगळ्यांत इथिलीन ग्लायकॉलच असतं, फरक असतो तो गंज थांबवणाऱ्या केमिकलमध्ये. जुन्या पद्धतीचं म्हणजे आयएटी, त्यात सिलिकेट, फॉस्फेट वगैरे असतात, ते धातूवर पटकन थर धरतात पण संपतातही लवकर, म्हणून साधारण दर २ वर्षांनी बदलायचं. ओएटी म्हणजे ऑरगॅनिक ॲसिडवालं, ते सावकाश काम करतं पण ५ वर्षांच्या आसपास टिकतं. एचओएटी हे दोन्हींच्या मधलं.

आता जुन्या गाडीत प्रश्न असा की रेडिएटर बऱ्याचदा तांब्या-पितळेचा, जोड शिशाच्या सोल्डरने केलेले, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. काही ओएटी कूलंट शिशाच्या सोल्डरला आणि जुन्या प्रकारच्या सीलना मानवत नाहीत. म्हणून मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच भरा, मॅन्युअल नसेल तर त्याच इंजिनची माहिती शोधा, आणि तीही नाही मिळाली आणि रेडिएटर पितळेचा असेल तर मी डोळे झाकून चांगल्या कंपनीचं जुन्या पद्धतीचं भरेन आणि २ वर्षांनी न चुकता बदलेन.

डिझेलवाल्यांनी अजून एक गोष्ट बघायची आणि ती फार कमी लोक बघतात, तुमच्या इंजिनला वेट लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेल्या सुट्या नळ्या) आहेत का. असतील तर लायनरच्या बाहेरून थेट कूलंट फिरतं, प्रत्येक स्फोटाला लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षं तेच होत राहिलं की लायनरला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात, शेवटी कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये. अशा इंजिनाला हेवी ड्यूटी डिझेलसाठी बनवलेलंच कूलंट लागतं, त्यात यासाठी वेगळं केमिकल असतं.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार आत जाऊन पापुद्रा धरतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं निम्मं करा, रेडीमिक्स असेल तर त्यात अजून पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट जास्त घातलं की जास्त चांगलं असं नसतं, ५०-५० मिश्रण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही पण नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, शिवाय ते उष्णता पाण्याइतकी ओढून नेत नाही. ६० टक्क्यांच्या वर जायचं कारणच नाही.

फ्लश करताना इंजिन पूर्ण गार पाहिजे, गरम असताना कॅपला हात लावू नका, चेहरा भाजतो. हीटर फुल गरमवर ठेवा, रेडिएटरचा खालचा प्लग आणि ब्लॉकचा प्लग दोन्ही उघडा (ब्लॉकचा लोक विसरतात आणि बरंच जुनं कूलंट आतच राहतं), निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करा, शेवटची फेरी डिस्टिल्ड वॉटरची. मागे वेगळा हीटर असेल तर त्याच्या पाइपमध्येही जुनं अडकलेलं असतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, गटारात ओतू नका, ते गोड लागतं आणि विषारी आहे, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

याच वेळी थर्मोस्टॅट, होज आणि कॅप बदलून टाका. कॅप छोटी वाटते पण आतलं प्रेशर तीच धरून ठेवते आणि प्रेशरमुळेच उकळायचं तापमान वर जातं, स्प्रिंग ढिली झाली की चांगलं कूलंट असून गाडी तापते. तुम्ही लो गिअरमध्ये चढावर गाडी घालणार, तेव्हा वेग नसल्यामुळे समोरून वारा मिळत नाही, सगळा भार फॅनवर, त्यामुळे व्हिस्कस फॅन (इंजिन तापलं की जोरात फिरणारा पंखा) नीट पकडतोय का तेही बघा आणि चिखलातून आल्यावर रेडिएटरच्या जाळ्या मागच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा, प्रेशर गन जवळून मारली तर पाती वाकतात.

भरल्यावर गाडीचं नाक चढाकडे करून इंजिन चालू ठेवा म्हणजे हवा निघते. पहिल्या काही दिवसांत लेव्हल थोडी खाली येईल, गार असताना तेच मिश्रण टाका. पण त्यानंतरही कमी होतच राहिली, बाहेर कुठे थेंब दिसत नाही, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर आला तर गाडी चालवणं थांबवून हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडच्या मधलं सील) तपासून घ्या.