चुकीचं बटण दाबलं गेलं तर?

नर्सिंगच्या मुलींकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की इथे एकदाच सविस्तर लिहिते. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

रत्नागिरीत जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. वॉर्डात इन्फ्युजन पंप (सलाईन किंवा औषध ठरवलेल्या वेगाने शिरेत सोडणारं यंत्र) लावायची वेळ आली की मैत्रिणीला पुढे करायची. "मॅडम, आमच्या शाळेत कॉम्प्युटर कुलपातच असायचा. मला हे जमणारच नाही."

दोन-तीन भेटींनंतर मी पंपाचा विषय बाजूला ठेवला. विचारलं, "५०० एमएल सलाईन, चार तासांत. थेंब किती?"

पेन न उचलता म्हणाली, "एका एमएलला २० थेंब पडणारा सेट असेल तर मिनिटाला ४२."

"तासाला?"

"१२५ एमएल."

"आणि पंप तुला काय विचारतो?"

ती बराच वेळ गप्प. मग हळूच, "हेच. तासाला किती, एकूण किती."

"उत्तर कोण देतं?"

"मीच की!"

ही भीती यंत्राची नसते. पहिला सराव थेट पेशंटच्या खाटेपाशी, तोही सिस्टरांच्या नजरेखाली करावा लागतो, तिथे हात थरथरतो. समजूत घालून ती जात नाही, हाताला सवय झाली की जाते, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून ट्यूटरांना सांगून डेमो रूममध्ये पंप लावायला लावला. नळीचं टोक मेजरिंग सिलिंडरमध्ये. वेग तासाला १२०, पंधरा मिनिटं. सिलिंडरमध्ये ३० एमएलच्या आसपास पाणी दिसलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. मग मुद्दाम क्लॅम्प (नळीवरचा चिमटा) बंद करून अलार्म वाजू दिला, दोनदा.

तुम्हीही असंच करा. स्टार्टआधी आकडा मोठ्याने वाचा, दशांश चिन्हासकट. १२.५ च्या जागी १२५ पडलं तर दहापट औषध जातं. अलार्म झाला की आवाज बंद करण्याआधी पेशंटचा हात बघा: कोपर वाकलाय का, सुईपाशी सूज आहे का, नळी दबलीय का. अडथळा सापडला तरी क्लॅम्प झटकन सोडू नका, नळीत दाबाखाली साठलेलं औषध एकदम शिरतं. आधी पंप थांबवा, सिस्टरांना बोलवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरी भरलेली राहावी म्हणून पंप वापरात नसतानाही प्लगला लावून ठेवा.

टॅबवर नोंद चुकली तर लपवू नका. कागदावर एक रेघ मारून सही करता, तसं तिथे दुरुस्तीची नोंद वेळेसह करा.