वडिलांची जुनी गाडी विकवत नाही, सांभाळवतही नाही. काय करावं?

वडील गेल्यापासून त्यांची गाडी दारात उभी आहे आणि निर्णय होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. २०२२ मध्ये मीही इथेच अडकलो होतो, म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

अण्णांनी १९९२ च्या दिवाळीत प्रीमियर पद्मिनी घेतली. पांढरी, स्टिअरिंगखाली गिअर, पुढे सलग सीट. कुर्ल्याची ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मले, हे अण्णा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मी पुढे त्यांना खेटून बसायचो. गिअर टाकताना त्यांचं कोपर माझ्या खांद्याला लागायचं. ते अजून जाणवतं.

चैत्रात तुळजापूरला निघालो की घाटात गाडी हमखास बंद. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना कडक उन्हात हा त्रास असायचाच; पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला ते ओढता येत नाही. त्यावर इलाज म्हणजे पंपावर ओलं फडकं. अण्णा बॉनेट उघडायचे, आई मागून उतरून टॉवेल भिजवून द्यायची, आणि पंप गार होईपर्यंत आम्ही लिंबाखाली. मला तो वेळ फार आवडायचा.

अण्णा २०१९ ला गेले. मी दर रविवारी गाडी पुसायचो, पण चालू करायला हात धजावत नव्हता. तीन वर्षांत टायर बसले, कार्ब्युरेटर चोंदला, उंदरांनी वायरी कुरतडल्या. मग नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली. पंधरा वर्षांवरच्या मोटारींसाठी ती फी त्याच एप्रिलपासून ६०० ची ५,००० रुपये झाली होती. मी भरणारच होतो. आईला तसं सांगितलं, तर म्हणाली, "देऊन टाक. माझं प्यायचं पाणी पीत आलीय ती."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. टॉवेल भिजायचा तो तिच्या फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यानं. आधी पंप, उरलं तर आम्ही पोरं, आणि ती तशीच तुळजापूरपर्यंत. सोलापूरच्या बाईला पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. अण्णांनी तिला कधी विचारलं नाही. मीही नाही. मी पुढे बसायचो ना.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की ठरवण्याआधी मागच्या सीटवर बसणाऱ्यांना विचारा. ठेवायची ठरली तर आठवड्यातून एकदा चालू करून थोडी फिरवा. नुसती पुसून गाडी टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विकायची तर भंगारात देण्याऐवजी चालवणाऱ्याला द्या, आणि आरसी त्याच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

आमची होटगी रोडच्या एका गॅरेजवाल्यानं घेतली. नीट करून स्वतः चालवीन म्हणाला, मी तेवढ्यावर दिली. तो न्यायला आला त्या दिवशी आई आतून फिरकीचा तांब्या भरून घेऊन आली आणि चारही चाकांवर पाणी घातलं, नवी आणली तेव्हा घातलं होतं तसंच.