पहिलीतल्या मुलांची न्याहारी कोणी द्यायची?

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. द्राक्षांच्या हंगामात मजुरांच्या टोळ्या पहाटेच बागांवर निघतात आणि त्यांची मुले उपाशीपोटी शाळेत येतात. दुपारचा पोषण आहार आमच्याकडे नियमित शिजतो, पण तोपर्यंतचा वेळ या मुलांना फार जड जातो. परदेशात काही ठिकाणी सरकारी शाळांना न्याहारी आणि जेवण दोन्ही देणे बंधनकारक आहे, असे वाचले. आपल्याकडे तसे का होऊ नये? सहकारी म्हणतात, सकाळचे खाणे ही आईवडिलांची जबाबदारी आहे.

उत्तर : तसे व्हायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ ने आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी एक मोफत जेवण हा हक्क म्हणून दिला. ‘एक जेवण’ या शब्दांपाशीच आपला प्रश्न येऊन थांबतो. याच कायद्याची दुसरी अनुसूची मात्र काळजीपूर्वक वाचावी. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत सकाळचा खाऊ आणि गरम जेवण अशा दोन्ही गोष्टी तिथे लिहिल्या आहेत आणि मूळ अनुसूचीत त्यांचे प्रमाण ५०० कॅलरी इतके आहे. तेच मूल पहिलीत गेले की सकाळचा खाऊ बंद होतो आणि ४५० कॅलरींचे दुपारचे जेवण तेवढे उरते. वय वाढले, अंतर वाढले, अभ्यास वाढला आणि अन्न कमी झाले, याचे समर्थन मला कुठेही सापडलेले नाही.

आईवडिलांच्या जबाबदारीविषयी आपले सहकारी म्हणतात ते मनापासूनच म्हणत असतील, परंतु पेठ-सुरगाण्याहून आलेली आई बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपडीत राहते आणि मुकादमाची गाडी उजाडण्यापूर्वी येऊन उभी राहते, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. मागे अशाच एका शाळेत मी दिवसभर बसले होते. दुसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आली. रात्री काय खाल्लेस म्हटल्यावर ‘भाकर’ म्हणाली. सकाळी काय खाल्लेस म्हटल्यावर फळ्याकडे पाहत राहिली. दुपारी खिचडी वाढली तेव्हा तिने आधी भावाला भरवले आणि ताटलीत उरले तेवढे स्वतः खाल्ले. त्या आईने आपली कोणती जबाबदारी टाळली, हे मला सांगता येणार नाही.

आपण वाचले ते खरे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून सरकारी शाळांना, मागेल त्या प्रत्येक मुलाला, उत्पन्नाची अट न घालता दोन्ही वेळचे अन्न द्यावे लागते. पण इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी १,५४५ शाळांतून न्याहारी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती पहिली ते पाचवीच्या सर्व सरकारी शाळांत नेली. वर्ग भरण्यापूर्वी उपमा, खिचडी, पोंगल असे गरम अन्न तिथे मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही न्याहारीची शिफारस केलेली आहे. शिवाय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ३२ राज्यांना स्वतःच्या निधीतून अधिक लाभ देण्याची मुभा देते, त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती राबवण्याची. पहाटे चूल पेटवायला येणाऱ्या स्वयंपाकीण बाईला केंद्राने २००९ मध्ये ठरवलेले मानधन दरमहा १,००० रुपये होते. राज्ये त्यात आपली भर घालतात, तरीही दुप्पट कामाला वाढीव मोबदला नसेल तर ही योजना त्या बाईच्याच पाठीवर उभी राहील. हिशेबाच्या नोंदी शिक्षकांच्या गळ्यात घालू नयेत, आणि न्याहारीसाठी दुपारच्या ताटातला घास कमी करू नये. पदार्थांचे म्हणाल तर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारांवर नागली म्हणजे नाचणी पिकते. तिची गूळ घातलेली गरम पेज या मुलांच्या ओळखीची आहे आणि ती शिजायला वेळही फार लागत नाही.

तोवर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रीतसर ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. ठरावासोबत हंगामात उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांची रोजची संख्या जोडावी, मात्र त्यांची नावे लिहू नयेत.

प्रश्न : माझा मुलगा नाशिक शहरातील एका शाळेत चौथीत आहे. मध्यंतरी तीन दिवस जेवण आलेच नाही. धान्य संपले, असे सांगण्यात आले. त्या दिवसांचे काय?

उत्तर : त्या दिवसांचा भत्ता आपल्या मुलाला मिळायला हवा. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून जेवण चुकले, तर मुलाच्या वाट्याचे धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावी लागते. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण न मिळाल्यास राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची असते. चुकलेल्या तारखा लिहून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.