कुपवाडहून नेदरलँड्सला: धोकादायक रसायनांच्या परवान्यांची नोकरी

तुझा निरोप दोनदा वाचला. वय एकोणतीस, एमएस्सी केमिस्ट्री, वर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा, कुपवाड एमआयडीसीत चार-पाच वर्षं सेफ्टी ऑफिसर. आता नेदरलँड्समध्ये सरकारच्या बाजूने धोकादायक पदार्थांच्या परवान्यांवर सल्ला द्यायचं काम हवंय, आणि सांगलीतूनच थेट अर्ज करू का, असा प्रश्न. ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करते. मीही मिरजेची, विलिंग्डन कॉलेजची. इथे अकरा वर्षं झाली, त्यातली सहा याच कामात.

थेट अर्ज करायचा तर कर, पण त्याच्या भरवशावर राजीनामा देऊ नकोस. तुझी केमिस्ट्री कमी पडणार नाही, भाषा पडेल. इथे परवाना नगरपालिका किंवा प्रांताच्या नावाने निघतो, आणि प्रत्यक्ष काम करतात ओमखेव्हिंग्सडीन्स्ट, म्हणजे प्रादेशिक पर्यावरण सेवा. मोठा साठा असलेल्या, सेव्हेसो म्हणजे मोठे रासायनिक अपघात टाळण्याच्या युरोपीय नियमांतल्या कारखान्यांचं काम त्यांतल्या फक्त सहा सेवांकडे असतं. अर्ज, नकाशे, अग्निशमनचा अभिप्राय, वकिलाचं पत्र, सगळं डचमध्ये. डच येत नसलेल्या माणसाला यांनी परदेशातून बोलावून घेतल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही.

भाषा म्हणजे बाजारात भाजी घेण्यापुरती नव्हे. मी रुजू झाले त्या वर्षी एका रंगाच्या गोदामासाठी अट लिहिली: ज्वलनशील द्रवांचे ड्रम इतर मालापासून पुरेशा अंतरावर ठेवावेत. माझ्या वरिष्ठाने पेन्सिलीने एकाच शब्दाभोवती गोल केला, 'पुरेशा', आणि समासात लिहिलं, "किती?" मी मीटर घातले. कागद परत आला: "कुठून मोजायचं? ड्रमच्या कडेपासून की पॅलेटच्या?" तिसऱ्या खेपेला अट पास झाली. चिडले होते तेव्हा. पण उद्या तपासनीस टेप घेऊन गोदामात उभा राहणार आणि कंपनीचा वकील कोर्टात तेच वाक्य वाचणार. आपल्याकडे प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे परवानगीपत्रात, 'योग्य ती खबरदारी घ्यावी' असं लिहिलेलं तूही शंभरदा वाचलं असशील. त्या वाक्याने आजवर एकही ड्रम हलला नसेल.

ही काटेकोरी इथल्यांनाही ठेच लागूनच आली. १३ मे २००० रोजी एन्स्खडे शहरात भरवस्तीतला फटाक्यांचा साठा फुटला, २३ माणसं गेली, एक अख्खा मोहल्ला भुईसपाट झाला. परवान्यात होते त्यापेक्षा जास्त ताकदीचे फटाके आत ठेवलेले होते. कार्यालयात या कामाची चर्चा निघाली की आजही कुणीतरी एन्स्खडेचं नाव घेतंच.

आता तुझ्या जमेच्या बाजू. आपले १९८९ चे घातक रसायनांचे नियम आणि युरोपातला सेव्हेसो निर्देश यांची रचना सारखीच आहे: पदार्थ, किती टन, आणि त्यावर कोणती जबाबदारी. क्लोरीनसाठी दोन्हीकडे खालची मर्यादा दहा टन आणि वरची पंचवीस. तू ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन लिहिलायस, पेसो (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षा) आणि डिश (कारखान्यांची सुरक्षा) या सरकारी खात्यांच्या माणसांसमोर उभा राहिलायस, हे मुलाखतीत बिचकत सांगू नकोस. माझं काम तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजने केलं. शिकत असताना अशाच एका ठिकाणी अमोनियाचा व्हॉल्व्ह गळताना पाहिला होता: ओली गोणपाटं घेऊन पळणारी माणसं, डोळ्यांना लागलेल्या धारा, आणि चावी कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. इथे अमोनियाच्या शीतयंत्रणेसाठी पीजीएस १३ नावाची मार्गदर्शिका आहे. मुलाखतीत विचारलं, यातलं महत्त्वाचं काय? मी म्हटलं, व्हॉल्व्ह कोण बंद करणार आणि तो तिथवर पोचणार कसा. टेबलापलीकडचे दोघे एकमेकांकडे बघून हसले. नोकरी तिथेच मिळाली असं माझं मत.

मग रस्ता कोणता? आधी खासगी सल्लागार कंपनी. बंदराच्या भागात, रॉटरडॅमच्या आसपास, कारखान्यांच्या बाजूने परवान्याचे अर्ज आणि जोखमीची गणितं करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत, आणि सुरुवातीला इंग्रजीवर भागतं. कंपनी इमिग्रेशन खात्याच्या मान्यताप्राप्त यादीत आहे ना, ते आधी बघ. नाहीतर कुशल कामगाराचा व्हिसा मिळत नाही. तिशीच्या आतल्यांना पगाराची किमान अट बरीच कमी असते, म्हणून तुझ्यासाठी हे वर्ष महत्त्वाचं. दुसरा रस्ता इथे मास्टर्स करून नोकरी शोधायला मिळणाऱ्या एका वर्षाचा. पण युरोपाबाहेरच्यांची फी बघून तुझे बाबा शेताचा सातबारा शोधायला लागतील. मी पहिल्याच रस्त्याने आले. बी-टू पातळीची सरकारी डच परीक्षा व्हायला नोकरी सांभाळून तीन वर्षं लागली. ती झाली आणि मग टेबलाच्या या बाजूला आले.

एक गोष्ट तुझ्या पथ्यावर पडेल. १ जानेवारी २०२४ पासून इथे ओमखेव्हिंग्सवेट हा पर्यावरण आणि जागेच्या वापराचा नवा कायदा आला, सव्वीस जुने कायदे त्यात गेले. तीस वर्षं खुर्चीत बसलेल्यांनाही कलमं नव्याने शोधावी लागतायत. नवख्याला इतकी बरोबरीची संधी एरवी मिळत नाही.

रोजचं काम म्हणशील तर आठवड्यातला एखादा दिवस कारखान्यावर, बाकी कॉम्प्युटरसमोर. साध्या अर्जाला आठ आठवडे, मोठ्याला सहा महिने. मोठ्या परवान्याचा मसुदा सहा आठवडे लोकांसाठी खुला असतो आणि कोणीही हरकत घेऊ शकतं. अशाच एका बैठकीत ऐंशीच्या एका आजीबाईंनी आमच्या जोखमीच्या नकाशावर बोट ठेवलं. या रेषेवर वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता दहा लाखांत एक, आणि ती त्यांच्या स्वयंपाकघराला चाटून जात होती. "मग मी चहा बैठकीच्या खोलीत करू का?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही टाकीची जागा बदलता येते का, ते कंपनीला विचारलं.

साहेबगिरी मात्र नाही. मिरजेच्या मावशीने विचारलं होतं, "क्वार्टर देतात का गं?" क्वार्टर नाही, शिपाई नाही, कॉफी आपली आपण आणायची, आणि कारखान्यात गेल्यावर जेवण घ्यायचं नाही. पदव्यांचं मूल्यांकन आणि चारित्र्याचा दाखला लागतो, ते सोपं आहे. या कामासाठी नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्टची काळजी आत्ताच नको. घरभाड्याची कर.

येत्या रविवारपासून डचचा वर्ग लाव, ऑनलाइन चालेल. पीजीएस १३ आणि पॅकबंद धोकादायक मालाच्या साठ्याची पीजीएस १५ फुकट उतरवता येतात. डिक्शनरी घेऊन रोज एक पान वाच. आणि ओळखीच्या एखाद्या कोल्ड स्टोरेजसाठी पाच अटी मराठीत लिहून मला पाठव. 'योग्य' आणि 'पुरेसा' हे दोन शब्द एकदाही यायला नकोत.