औषध मारू नकोस

तुझे फोटो पाहिले. बहाव्याच्या पानांची चाळण झालीय आणि तू विचारतेस, ‘काकू, कुठलं औषध मारू?’ कुठलंच नाही. कडुनिंबाचा अर्कसुद्धा नाही.

तिसरा फोटो मोठा करून बघ. पानाच्या मधल्या शिरेवर एक हिरवी अळी पसरलीय, कडेने पांढरट रेघ, रेघेलगत बारीक काळे ठिपके. तिचं फिकट पिवळं फुलपाखरू होतं. अंडी घालायला ते बहावा किंवा त्याच्या गोतातलीच झाडं हुडकत फिरतं. ऐरोलीच्या त्या पेव्हर ब्लॉकच्या आवारात त्याला तुझं पुरुषभर उंचीचं रोप सापडलं, आणि तू कमिटीसमोर मान खाली घालून बसलीस!

पान कुणीतरी खाल्लं पाहिजे. झाड निवडताना मी एवढंच विचारते: याचं पान कोण खातं? सावली, फुलं, वाढीचा वेग हे सगळं नंतर. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्याच भरवते. अळी नको म्हणणाऱ्यांनी ‘चिमण्या कुठे गेल्या’ म्हणून हळहळू नये. आणि बहावा मरत नाही गं. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोवळी पालवी फुटेल. तेवढा धीर धर.

मी धरला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत गेटजवळ उंबर होता, कंपाउंड वॉलच्या आधीपासूनचा. गाड्यांवर फळं फुटतात, रात्री वटवाघळं येतात, अशा तक्रारी असायच्या. तोडायच्या अर्जावर सेक्रेटरी म्हणून माझी सही आहे. भिंतीला तडा गेला होता हे खरं, सभेत बहुमत होतं हेही खरं. पण भिंत दुरुस्त करता आली असती, आणि मी ते बोललेच नाही. त्या उंबरावर येऊरच्या जंगलाकडून हरियालांचा थवा यायचा. आपल्या राज्याचा पक्षी, आमच्या गेटवर! तिथे आता चार फॉक्सटेल पाम आहेत. त्यांच्यावर हरियाल बसलेला मी एकदाही पाहिला नाही.

म्हणूनच मागच्या पावसाळ्यात माळी कडीपत्त्यावर फवारा मारायला आला तेव्हा मी त्याच्या हातातून पंप काढून घेतला. पानांवर पक्ष्याची शिट पडावी तशा अळ्या होत्या. मोठ्या झाल्या की त्या हिरव्या होतात, डिवचलं तर डोक्यामागून दोन लाल शिंगं काढतात आणि उग्र वास सोडतात. पुढच्या सभेत मी आवाज चढवला. समोरच्या वहिनी तेव्हापासून बोलत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, पण माफी मागणार नाही. एकदा गप्प बसून काय झालं ते मी रोज गेटमधून जाता-येताना बघते. माणसं आज ना उद्या बोलतील, उंबर परत यायला तीस वर्षं लागतील.

आता तुझं. नर्सरीवाल्याच्या यादीतलं परदेशी कोनोकार्पसचं कुंपण आणि लॉन दोन्ही काढ, त्यावर चर्चासुद्धा नको. गुलमोहर मादागास्करचा आहे हे सभेत सांगत बसू नकोस, लोक उगाच दुखावतात. आहे तो राहू दे, नवा लावू नकोस. खाडीच्या बाजूला करंज लाव, खारी जमीन तो सोसतो. रस्त्याकडे ताम्हण. राज्यफूल म्हटलं की कमिटीही मान डोलावते, तो उपयोग करून घे. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, माती उथळ, तिथे मोठ्या झाडाचा हट्ट नको. कुंड्यांत लिंबू आणि कडीपत्ता पुरे. निळ्या झाकेची ती मोठी काळी राणी पाकोळी लिंबाच्याच कुळावर वाढते. 2015 साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखरू ठरवलं. पण तिचीही अळीच आधी येणार, पानं खाणारच. ते आधीच सांगून ठेव, म्हणजे नंतर कुणी पंप घेऊन धावणार नाही.

‘कमिटी सोडू का’ असंही लिहिलंयस. सोडायची नाही. तू सोडलीस तर सही दुसरं कुणीतरी करेल.

बहाव्याच्या वाळक्या शेंगा तुझ्यासाठी काढून ठेवल्यात. बीचं कवच फार टणक असतं. कानशीवर थोडं घासायचं आणि रात्रभर गरम पाण्यात ठेवायचं, मगच पिशवीत लावायचं. रविवारी घेऊन येते. तोवर त्या झाडाला हात लावू नकोस, आणि अळ्या किती आहेत ते मोजून ठेव.

तुझी,
काकू