कासव संवर्धनासाठी किनाऱ्याने चालत निधी जमवायचा आहे. दापोलीकडे कुठे आणि कसं चालावं?

कर्दे ते मुरुड हा सपाट, कडक वाळूचा पट्टा घ्या. हर्णैपुढे अंजर्ल्याला जोग नदीची खाडी आडवी येते, केळशीला भारजा नदीची. हौशी मंडळी तिथे वैतागतात.

तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहाला भरती, म्हणजे ओहोटी ऐन बाराच्या उन्हात. त्यापेक्षा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस बरा. तेव्हा पहाटे पाणी मागे गेलेलं असतं आणि ओल्या वाळूत पाय रुतत नाहीत.

नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांचा अंडी घालायचा हंगाम. त्या दिवसांत रात्री चालणं, बॅटऱ्या, स्पीकर नकोच. सकाळीही भरतीरेषेवर फिरू नका, मादीच्या वाळूतल्या खुणा पुसल्या तर कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याला, घरटं सापडणार कसं? वनखातं आणि ग्रामपंचायतीला आधी कळवा.

पैसे स्वतःच्या यूपीआयवर अजिबात घेऊ नका, ओळखीचेही मागून कुजबुजतात. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच थेट जाऊ द्या. ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकर सवलतीची, पावती मिळते का विचारा. २,००० रुपयांवर रोख दिलं तर ती सवलत लागू होत नाही. देणगीदारांकडून दर किलोमीटरमागे रक्कम आधीच कबूल करून घ्या. आणि टी-शर्ट, मेडल छापण्यात निम्मा निधी घालवू नका. हॅचरीची (अंडी सुरक्षित ठेवायच्या कुंपणाची) जाळी आणि कासवमित्राचं मानधन, खरी गरज तिथे असते.